घड्याळ बघून खायचं कोल्हापूर

कोल्हापुरात पाहुणे आले की त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. अंबाबाईचं दर्शन, मिसळ, जोतिबा किंवा पन्हाळा, संध्याकाळी रंकाळा, रात्री तांबडा-पांढरा आणि निघताना चप्पल नि गूळ. यात वावगं काहीच नाही. वाईट याचं वाटतं की आपण इथलेच लोक सुट्टीच्या दिवशी एकतर हीच यादी गिरवतो, नाहीतर सरळ गोव्याचा रस्ता धरतो. आपलं शहर नीट कळायचं तर यादीपेक्षा घड्याळ जास्त कामाला येतं. इथं प्रत्येक पदार्थाची आणि प्रत्येक जागेची एक वेळ आहे, आणि ती वेळ का पडली त्यामागं या गावाचा इतिहास आहे.

सुरुवात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यापासून करावी. म्हशी रस्त्याकडेला बांधलेल्या असतात, गवळी उकिडवा बसलेला असतो आणि गिऱ्हाईक पेला घेऊन शेजारी उभं. धार थेट पेल्यात पडते. धारोष्ण दुधावर बोटभर फेस चढतो, सरावलेला माणूस तो बसेपर्यंत थांबतो आणि मग पेला पुन्हा पुढं करून म्हणतो, "दादा, फेसच निघाला सगळा, भरा की अजून थोडं." दादाही काही न बोलता दोन धारा वाढवतात. कुणी किटली घेऊन आलेलं असतं, कुणी नातवाला म्हैस दाखवायला. ज्यांना कच्चं दूध पचत नाही किंवा नको वाटतं त्यांनी भांड्यात घ्यावं आणि घरी उकळावं. डॉक्टरही हेच सांगतात. पण समोर काढलेलं, पाण्याचा थेंब नसलेलं दूध भरवस्तीत मिळणं ही आज मोठी गोष्ट आहे.

हा कट्टा इथं का, याचं उत्तर तालमीत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या आणि गावोगावची पोरं लांगोट घेऊन कोल्हापुरात आली. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण. हे सगळं रोज, ताजं आणि जवळ मिळायला हवं. पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस पिकतो, उसाचं वाडं म्हशींना मिळतं, म्हणून दुधाला तोटा नाही. नदी, ऊस, म्हैस आणि पैलवान अशी ही साखळी आहे, आणि कोल्हापूरचं निम्मं खाणं तिच्यातून आलेलं आहे. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींत आजही भल्या पहाटे मेहनत सुरू होते. वस्तादांना विचारून, चपला बाहेर काढून, एका बाजूला शांतपणे उभं राहिलं तर कुणी हाकलत नाही. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर झाले. ही दोन्ही नावं कोल्हापूरच्याच मातीतून वर आली.

तालमीतून निघावं आणि मिसळ गाठावी, ती सकाळीच. फडतरे, चोरगे, बावडा, खासबाग यांतली आपली मिसळ कुठली, यावर इथं घराघरांत वाद आहेत. मी त्यात पडत नाही. एक मात्र सांगतो, दुपार उलटल्यावर मिसळ खायला जाऊ नये. कट सकाळी एकदाच मोठ्या पातेल्यात घातला जातो, मटकी त्या दिवसापुरती मोड आणलेली असते, आणि संपली की संपली. ताट समोर आलं की आधी बघा. खाली मटकी, तिच्यावर शेव-चिवडा, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, आणि बाजूला वाटीत लालभडक कट. पावाऐवजी जाड कापलेल्या ब्रेडचे स्लाइस येतात आणि ते योग्यच आहे, कारण स्लाइस कट शोषून घेतो आणि तरी हातात तुटत नाही. कट एकदम सगळा ओतू नये. थोडा घ्यावा, शेव मऊ पडायच्या आत खावी, मग पुन्हा मागावा. कटाला पैसे पडत नाहीत.

इथं तिखटाबद्दलही बोललं पाहिजे. कोल्हापुरी म्हणजे नाकातोंडातून धूर काढणारं, असा देशभर समज झाला आहे. मुंबईपासून दिल्लीपर्यंतच्या हॉटेलांत 'व्हेज कोल्हापुरी' नावाची लाल भाजी मिळते. ती इथल्या कुठल्याही घरात शिजत नाही. इथल्या जेवणाचा जीव कांदा-लसूण चटणीत आहे. उन्हाळा लागला की घरोघरी मिरच्या वाळत पडतात. रंगासाठी ब्याडगी, चवीला आणि झणक्याला संकेश्वरी, दोन्ही सीमेपलीकडून, कर्नाटकातून येतात. भाजलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धणे आणि खडा मसाला घालून चटणी कांडून आणली की वर्षाची बेगमी होते. तिच्यात तिखट आहेच, पण त्याच्या बरोबरीनं कांद्याचा गोडवा आणि खोबऱ्याचा स्निग्धपणा आहे. नुसती मिरची वाढवून कोल्हापुरी चव येत नाही. ज्या खानावळीत पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी येतं आणि चवीचा पत्ता नसतो, तिथं पुन्हा जाऊ नये, मग पाटी कितीही मोठी असो.

पांढरा रस्सा तर या गैरसमजाला सरळ उत्तर आहे. त्यात लाल तिखट नाहीच. मटण शिजवलेलं अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजूचं वाटण आणि अख्खे गरम मसाले. जेवणाआधी वाटीभर पांढरा प्यायचा, मग सुक्या मटणाबरोबर भाकरी, आणि मध्ये मध्ये तांबडा. दोन्ही रस्से पुन्हा पुन्हा वाढायला येतात आणि नको म्हणेपर्यंत वाढतात. मटणाचं या शहराला किती वेड आहे, हे २०१९ च्या अखेरीला साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. दर भडकले तेव्हा कोल्हापूरकर गप्प बसले नाहीत. पेठापेठांतून आंदोलन उभं राहिलं, खरेदी थांबली, बैठका झाल्या आणि विक्रेत्यांना दर खाली आणावा लागला. सामान्य माणसाच्या ताटातला पदार्थ त्याच्या आवाक्यात राहिला पाहिजे, असं इथले लोक मनापासून मानतात, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

जेवण आणि संध्याकाळ यांच्या मधल्या वेळेत टाऊन हॉलच्या संग्रहालयात जावं. शाळेची सहल सोडली तर कोल्हापूरकर तिथं फिरकत नाहीत. इमारतीसाठीसुद्धा जाण्यासारखं आहे. १८७० च्या दशकात चार्ल्स मँट यांनी ती उभी केली आणि पुढं न्यू पॅलेसही त्यांनीच बांधला. आत एक लहानशी काशाची मूर्ती आहे, समुद्रदेव पोसायडनची. पंचगंगेच्या घाटाजवळच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात ती सापडली. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या अलीकडे, भूमध्य समुद्राकाठचा देव कसा आला? सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांतून घाट चढून व्यापारी इथं येत होते, म्हणून आला. मुलांना ही मूर्ती दाखवून लगेच ब्रह्मपुरीला न्यावं. तिथून खाली नदीचा घाट, देवळं आणि पोहणारी माणसं दिसतात, आणि शाळेच्या पुस्तकातला इतिहास पायाखाली आहे हे कळतं.

संध्याकाळी खासबाग. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले होते. रोमचं जुनं रंगमंडळ पाहून आल्यावर असं कुस्तीचं मैदान आपल्याकडेही हवं असं त्यांनी ठरवलं, आणि १९१२ मध्ये खासबाग उभं राहिलं. मधे हौद आणि चहूबाजूंनी उतरती बैठक, त्यामुळं शेवटच्या माणसालाही कुस्ती तेवढीच दिसते. कुठं खांब आडवा येत नाही. त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर झालं, ते पुढं केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखलं जाऊ लागलं. कुस्ती आणि संगीत नाटक यांना एकाच राजानं एकाच आवारात शेजारी जागा दिली, यात त्यांची सगळी दृष्टी दिसते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, नाट्यगृहाला आग लागली. त्या रात्री रस्त्यावर उभी राहून माणसं रडत होती. नाटकाला वर्षातून एकदाही न जाणारेही त्यांत होते. नाट्यगृह पुन्हा उभं करायचं काम सरकारनं आणि महापालिकेनं हाती घेतलं, ते गरजेचंच होतं. पण तिथल्या खुर्च्या भरायचं काम आपल्यालाच करावं लागेल.

मैदानाच्या भोवती भेळ आहे. राजाभाऊंची भेळ खाल्ल्याशिवाय खासबाग पुरं होत नाही. चिरमुरे, फरसाण, कांदा, कैरीच्या दिवसांत कैरी, चिंचेचं पाणी, आणि वरून खारवलेली मिरची. भेळ कालवल्या कालवल्या उभ्यानं खावी. पुडी बांधून घरी नेली की चिरमुरे सादळतात आणि मजा जाते. रंकाळ्यावरही भेळ, रगडा, भाजलेली कणसं सगळं मिळतं, पण रंकाळा मुळात चालण्यासाठी आहे. चौपाटीच्या गर्दीतून पुढं जाऊन शालिनी पॅलेसच्या बाजूनं पाण्याकडं बघत चालावं. पाणी कमी झालं की संध्यामठ उघडा पडतो, भरलं की बुडतो. या तळ्यात नाल्यांचं सांडपाणी येतं, जलपर्णी माजते, वर्षानुवर्षं निधीच्या घोषणा होतात. महापालिकेला जाब विचारायलाच हवा. पण काठावर बसून भेळ खाणाऱ्यांनीच कागद पाण्यात टाकले तर तो जाब विचारणार कोण?

पाहुण्यांच्या यादीत कधीच नसणारी एक जागा म्हणजे छत्रपती शाहू स्टेडियम. हंगामात तिथं फुटबॉलचे सामने होतात आणि पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा हे संघ उतरतात. संघ पेठेचे आहेत, म्हणून ईर्षाही पेठेची. आज्जीपासून नातवापर्यंत सगळ्यांचा संघ एकच असतो आणि तो जन्मानं ठरतो. भडंग खात, ओरडत घालवलेली ती दुपार इतर कुठल्या शहरात मिळणार नाही. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. प्रेक्षकांत हाणामारी झाली की सामने थांबतात आणि नुकसान पोरांच्या खेळाचं होतं, एवढं पेठांनी लक्षात ठेवावं.

काही गोष्टींना घड्याळाऐवजी कॅलेंडर लागतं. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला कोल्हापुरात जिलेबी खातात. चौकाचौकांत मांडव पडतात, कढया चढतात, झेंडावंदन करून येणारा प्रत्येक जण हातात पुडा घेऊन घरी जातो. आणि थंडी सुरू झाली की गुऱ्हाळं लागतात.

गुऱ्हाळ शहराच्या अगदी वेशीवर आहे, तरी किती कोल्हापूरकरांनी ते चालू असताना पाहिलं आहे? चुलाणात चिपाडं ढकलली जातात, काहिलीत रस उकळतो, रानभेंडीच्या चिकानं मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढली जाते. पाक कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. तो पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी करून बघतो. तापमापक कुणी वापरत नाही. एक क्षण लवकर झाला तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर गूळ करपतो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली ती याच गुळाच्या व्यापारासाठी, आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही ऊस कारखान्याकडं वळल्यानं आणि कसबी गुळवे मिळत नसल्यानं गुऱ्हाळं कमी कमी होत चालली आहेत. बाजारात पिवळाधमक गूळ विकला जातो, आणि तो रंग आणायला बऱ्याचदा रसायन घातलेलं असतं, कारण गिऱ्हाईकाला पिवळाच हवा असतो.

म्हणून एवढंच करा. यंदा हंगामात एका सकाळी मुलांना घेऊन गुऱ्हाळावर जा, गरम काकवी चाखा, गुळव्याशी दोन शब्द बोला, आणि घरी नेताना तपकिरी गूळ मागून घ्या.