पांढरा उंदीर आणि घरातलं लेकरू

पारोळ्यातही मुलं हट्टानं पांढरा उंदीर पाळायला मागतात. नकोच, असं आम्ही म्हणत नाही, तो माणसाळतो. पण पाच वर्षांखालच्या लेकराच्या हाती देऊ नका. लहान मूल त्याला आवळून धरतं, मग तो चावतोच. शिवाय तेच हात तोंडात जातात.

पिंजरा चुलीपासून, माठापासून आणि बाळाच्या अंथरुणापासून लांब ठेवा. लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. फडकं ओलं करून पुसा, मग साबणानं हात धुवा. बाळाला झोपवण्याआधी त्याचेही हात-तोंड धुवा. बोटांना दुधाचा, भाकरीचा वास राहिला, तर घरातला रानटी उंदीरही कुरतडतो.

चावलाच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. सरकारी दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. रेबीजचं लागतं का ते डॉक्टर ठरवतील, उंदराच्या चाव्यानंतर ते सहसा लागत नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ दिसलं, तर "उंदीर चावला होता" हे सांगाच. जखम तोवर भरलेली असते, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. पेनिसिलिननं हा ताप बरा होतो.

सगळ्यात मोठी भीती उंदीर मारायच्या पेस्टची. पोळीला लावून कोपऱ्यात ठेवलेली ती लेकरू उचलतं. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टला उतारा नाही. पोर दोन दिवस खेळतं, मग यकृत निकामी होतं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. पेस्टचं खोकं घेऊन तडक दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा.