आइसलँड फूड्स

आइसलँड फूड्स : गोठविलेल्या खाद्यपदार्थांची अल्प दरात किरकोळ विक्री करणारी ब्रिटनमधील प्रसिद्ध साखळी-दुकाने. मुख्यालय वेल्समधील डीसाइड येथे. वुलवर्थ या दुकानसंस्थेत नोकरी करणाऱ्या माल्कम वॉकर व पीटर हिंचक्लिफ यांनी १९७० मध्ये इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री या गावी पहिले दुकान काढले. १९७१ मध्ये ही बाब कळताच वुलवर्थने दोघांनाही कामावरून दूर केले.

आरंभी येथे गोठविलेले पदार्थ सुटे, ग्राहकास हवे तेवढेच विकले जात. सु. −१८° से. तापमानात सूक्ष्मजंतूंची वाढ थांबते व पदार्थ कित्येक महिने टिकतो. ताज्या मालाच्या दुकानात न खपलेला नाशवंत माल फेकावा लागतो आणि त्याचा बोजा खपणाऱ्या मालाच्या किंमतीवर पडतो. गोठविलेल्या मालात ही नासाडी थोडी असते. शिवाय मुबलक हंगामात मोठी खरेदी करून ठेवता येते. स्वस्ताईचे मूळ यात आहे. मात्र कारखाना, वाहन व दुकान यांत राखलेली थंडी ग्राहकाच्या घरातही टिकावी लागते. त्यामुळे घरगुती फ्रीजरच्या प्रसाराबरोबरच हा व्यापार वाढला.

१९८४ मध्ये कंपनीचे भाग शेअरबाजारात आले. १९८९ मध्ये तिने आपल्याहून मोठी असलेली बेजॅम ही प्रतिस्पर्धी कंपनी ताब्यात घेतली. २००० मध्ये बुकर या घाऊक व्यापारसंस्थेशी तिचे एकत्रीकरण झाले व २००१ मध्ये वॉकर बाहेर पडले. २००५ मध्ये आइसलँड या देशातील बाउगुर कंपनीच्या पुढाकाराने ती विकत घेण्यात आली व वॉकर परतले. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर तिचे बहुतांश भाग त्या देशातील कोसळलेल्या बँकांकडे गेले. २०१२ मध्ये वॉकर व सहकाऱ्यांनी सु. १४५ कोटी पौंडांच्या व्यवहारात ती परत मिळविली. ‘आइसलँड’ या नावावरील तिचे यूरोपीय व्यापारचिन्ह त्या देशाच्या तक्रारीवरून यूरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने २०१९ मध्ये रद्द ठरविले.

२०२२ मधील वीज दरवाढीने या व्यापाराची मर्यादा स्पष्ट झाली : थंडी राखण्याचा खर्च दुकानांना व गरीब कुटुंबांना एकाच वेळी जड झाला. त्याच वर्षी फेअर फॉर यू या ना-नफा कर्जसंस्थेच्या साहाय्याने कंपनीने अन्नखरेदीसाठी बिनव्याजी लघुकर्जे देऊ केली. नासाडी टाळून मिळणारी स्वस्ताई ज्याच्या घरी फ्रीजर व तो चालविण्यापुरता पैसा आहे, त्यालाच पुरती लाभते.