शिकारी रायफली

शिकारी रायफली : वन्य प्राण्यांच्या शिकारीसाठी वापरण्यात येणाऱ्या, नळीच्या आतील पृष्ठभागावर सर्पिल आटे पाडलेल्या बंदुका. आट्यांमुळे गोळीला स्वतःच्या अक्षाभोवती परिवलन मिळून तिची दिशा स्थिर राहते. परिणामी गुळगुळीत नळीच्या, छर्ऱ्यांच्या बंदुकीपेक्षा रायफलीचा पल्ला व अचूकता अधिक असते. एकच रायफल सर्व प्राण्यांना सारखी उपयोगी पडत नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थानिक, जमीनदार व ब्रिटिश अधिकारी निरनिराळ्या नळीव्यासांच्या रायफलींचा संग्रह बाळगीत.

निवडीची तत्त्वे : प्राण्याचे वजन, त्याच्या हाडांची व स्नायूंची जाडी, नेमबाजीचे अंतर आणि प्राणी उलटून चाल करण्याचा संभव यांवर निवड अवलंबून असते. जड गोळी हाड भेदून खोलवर जाते. हलकी व वेगवान गोळी दूरवर सपाट मार्गाने जाते, परंतु हाडावर फुटण्याचा संभव असतो. वाघ, सांबर यांसारख्या प्राण्यांसाठी टोकाशी शिसे उघडे असलेली व आत शिरताच पसरणारी गोळी वापरीत. हत्ती, गवा यांसाठी पूर्ण धातुवेष्टित गोळी योग्य मानली जाई. अपुऱ्या शक्तीच्या गोळीने प्राणी जखमी होऊन निसटतो. तो यातना भोगतो आणि वाघ, बिबळ्या किंवा अस्वल असल्यास परिसरातील लोकांनाही धोका निर्माण करतो. म्हणून पुरेशी शक्ती हा शिकारीच्या नीतीचाही भाग समजला जाई.

यवतमाळ जिल्हा : वर्धा व पैनगंगा या नद्यांमधील हा वऱ्हाडाचा भाग १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. येथील सागाच्या शुष्क पानझडी जंगलात वाघ, बिबळ्या, अस्वल, सांबर, चितळ व रानडुक्कर, तर उघड्या माळांवर काळवीट, चिंकारा व नीलगाय हे प्राणी आढळत. दाट जंगलात मचाणावरून किंवा हाकाऱ्यात नेम जवळून धरावा लागे. तेथे सु. ३२ ग्रॅ. वजनाची गोळी डागणारी ०·४७० इंची दुनळी रायफल किंवा १९१२ मध्ये प्रचारात आलेली ०·३७५ इंची मॅग्नम रायफल सोयीची होती. माळावरील लांबच्या नेमासाठी सु. ९ ग्रॅ. गोळीची ०·२७५ इंची रायफल, तर सशासारख्या लहान प्राण्यांसाठी ०·२२ इंची रायफल पुरेशी असे. याला अपवादही होते. जिम कॉर्बेट यांनी ०·२७५ इंची रायफलीने नरभक्षक वाघ मारले. नळीव्यासापेक्षा गोळी नेमकी कोठे लागते याला अधिक महत्त्व आहे, हे त्यावरून दिसते. सामान्य शेतकऱ्याला मात्र असा संग्रह परवडणारा नव्हता. पीकरक्षणासाठी त्याच्याजवळ फार तर ठासणीची बंदूक असे.

कायदेशीर नियंत्रण : नळीव्यासांच्या वैविध्याला कायद्याचेही कारण होते. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानात ०·४५० इंची रायफलींच्या आयातीवर बंदी आली व ०·४६५ आणि ०·४७० इंची काडतुसांचा प्रसार झाला. स्वातंत्र्योत्तर काळात ईशापूर येथील कारखान्यात तयार झालेली ०·३१५ इंची रायफल नागरी परवानाधारकांत प्रचलित झाली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रांची मर्यादा घातली. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. त्यामुळे प्रत्येक प्राण्यासाठी वेगळी रायफल बाळगणे सामान्य परवानाधारकास शक्य राहिले नाही.

तत्पूर्वीच अशा संग्रहाचे प्रयोजन संपले होते. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने छंद म्हणून होणाऱ्या शिकारीवर कडक निर्बंध घातले. कलम ११ अन्वये मात्र मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. अनुसूची एकमधील प्राण्याबाबत त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा स्थलांतरित करणे शक्य नसल्याची खात्री आधी व्हावी लागते. पांढरकवडा परिसरात १३ माणसांच्या मृत्यूस कारणीभूत मानली गेलेली टी-१ (अवनी) ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री गोळी घालून मारण्यात आली. बेशुद्ध करण्याची अट पाळली गेली की नाही, यावर देशभर वाद झाला. रानडुक्कर व नीलगाय यांच्याकडून होणारी पिकांची हानी हाही जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा गंभीर प्रश्न आहे. उभ्या पिकांस धोकादायक झालेल्या अशा प्राण्यांबाबतही कलम ११ खाली लेखी परवानगी आवश्यक असते. अशा रीतीने जुन्या शिकाऱ्याच्या संग्रहापुढील रायफलीच्या निवडीचा प्रश्न मागे पडून गोळी झाडावी की नाही, हा प्रश्न प्रमुख झाला आहे.