पावणेपाच लाख भोकं

‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटाची लांबी ३७०० फूट होती. आता जरा हिशेब मांडू. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात. प्रत्येक चित्राच्या डाव्या कडेला चार आणि उजव्या कडेला चार भोकं. म्हणजे फुटाला १२८, आणि अख्ख्या चित्रपटाला ४,७३,६००! ही झाली पडद्यावर दिसलेल्या लांबीची बेरीज. कॅमेऱ्यातली निगेटिव्ह आणि वाया गेलेले तुकडे निराळे. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांच्या हाती येणारी कच्ची फिल्म बिनभोकांची असे. ती भोकं घरी पाडावी लागत आणि ते काम होतं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंकडे.

एवढी भोकं कशाला? फिल्म कॅमेऱ्यातून सरसर वाहत असते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती थबकत थबकत चालते. एक आकडा भोकात शिरतो, फिल्म बरोबर एका चित्राइतकी खाली ओढतो आणि सोडतो. फिल्म थांबते, झडप उघडते, उजेड आत येतो, झडप मिटते. आकडा पुन्हा हजर. हे सेकंदाला साधारण सोळा वेळा, आणि तेही हाताने दांडा फिरवून. भोकांमधलं अंतर केसभर चुकलं तरी पडद्यावर राजा हरिश्चंद्र सिंहासनासकट थरथरणार. भोकं पाडायचं यंत्र फाळक्यांनी लंडनहून आणलं होतं खरं, पण कच्च्या फिल्मला उजेड लागला की ती गेलीच. म्हणून दिवसभर चूल, मुलं, चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, मध्येच चित्रीकरणात नटांवर उजेड पाडायला पांढरी चादर धरून उन्हात उभं राहणं, आणि हे सगळं उरकलं की अंधारात बसून भोकं. हरिश्चंद्राच्या राणीची, तारामतीची भूमिका त्यांनाच करायला सांगितली, तेव्हा त्यांनी नकार दिला यात काय नवल! मग तारामती झाले अण्णा साळुंके, एका उपाहारगृहात काम करणारा तरुण.

परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा चित्रपट मला पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो तो या खटपटीसाठी. ध्येयवेड्या माणसाची गोष्ट म्हटली की आपण आधीच रुमाल काढून बसतो. इथे नंदू माधवचे फाळके घरातलं सामान विकतात तेही एखाद्या जादूच्या प्रयोगासारखं, आणि विभावरी देशपांडेंच्या सरस्वतीबाई कपाळाला हात लावण्याऐवजी पुढचं काम काय ते विचारतात. कधी कधी हा हसरेपणा मला जरा जास्तच वाटतो. सतत चित्रपट पाहून आणि अहोरात्र खपून फाळक्यांची दृष्टी जायची वेळ आली होती. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या होत्या. ती भीती पडद्यावर थोडी अधिक टोचायला हवी होती. पण खळखळून हसणारं साहस दाखवायचं, हा मोकाशींचा निर्णय एकूणात बरोबरच.

गिरगावात येशूच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहून फाळके भारावले ते १९११ साली. वय ४०. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाने तोवर चित्रकला, फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छपाई आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग, एवढं सगळं करून सोडलं होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लेखी हा बिनबुडाचाच संसार. मात्र चालत्या चित्राला नेमकं हेच सगळं लागतं: देखावा रंगवणारा हात, रसायनांची जाण, आणि डोळ्यांना फसवायची कला.

पैसे देणाऱ्यांना पटवायची युक्ती तर लाजवाब. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोप वाढेल तशी एकेक चित्र घेत गेले. सलग दाखवल्यावर बी फुटून वेल सरसर वर चढताना दिसला. इथेही आकडेमोड पाहण्यासारखी आहे. दिवसाला एकच चित्र घेतलं तर महिन्याभराची वाढ पडद्यावर दोन सेकंदांत आटोपते. पूर्ण मिनिटभर दिसायला हवी तर ९६० चित्रं, म्हणजे महिनाभर रोज ३२ वेळा त्या कुंडीपाशी जायचं, कॅमेऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही आणि घरातल्या पोरांनाही दूर ठेवायचं. आज मोबाईलमध्ये एक बटण दाबलं की हे होतं.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, गाजला. त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड आणि कारखाना घेऊन नाशिकला आले. पुराणकथा सांगणाऱ्याला आणखी काय हवं! गोदावरी, घाट, देवळं, त्र्यंबकचे डोंगर, सगळं आयतं. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या, आता साडी नेसायला पुरुष शोधायची गरज उरली नव्हती. तरीही १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच! १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी.

‘फॅक्टरी’ पहिल्या यशाच्या भरातच संपते. मला तिचा दुसरा भाग पाहायचा आहे, आणि तो नाशिकचाच असेल. त्यात १९१८ची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी येईल, भागीदारांशी खटके येतील, सगळं सोडून काशीला जाणं येईल, तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिणं येईल आणि पुन्हा नाशिकला परतणंही. मग बोलपट आले आणि मूकपटांचा हा बादशहा एकाएकी जुना झाला. तरी १९३७ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, फाळक्यांचा ‘गंगावतरण’ हा बोलपट आला; तो दिग्दर्शित करायला ते कोल्हापूरला गेले होते.