सान जेन्नारोची जत्रा

मंडळी, जत्रा आपल्याला नवी नाही. पालखी निघते, ढोल वाजतो. भजी, जिलबी, गोडीशेव यांची दुकाने लागतात. पोरं बापाचा हात ओढतात. बाप म्हणतो, "आधी दर्शन, मग खाऊ." पण पोराचं लक्ष कढईकडंच!

आज अशाच एका जत्रेची माहिती सांगतो. ती आपल्या मुलखातली नाही. ती भरते साता समुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात. तिथे मलबेरी नावाची एक अरुंद गल्ली आहे. दर वर्षी सप्टेंबर महिन्यात ही गल्ली गाड्यांना बंद होते आणि माणसांना मोकळी होते. ही जत्रा सान जेन्नारो या संताची. 'सान' म्हणजे संत.

संत कोण होते?

इटली नावाचा एक देश आहे. त्याच्या दक्षिण भागात समुद्रकाठी नेपल्स हे मोठे शहर आहे. जेन्नारो हे त्या भागातले ख्रिस्ती धर्मगुरू होते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी रोमच्या बादशहाने ख्रिस्ती लोकांचा छळ मांडला. त्या छळात इ. स. ३०५ च्या सुमारास जेन्नारो यांचा शिरच्छेद झाला, असे परंपरा सांगते. त्यांनी धर्म सोडला नाही, प्राण सोडला.

नेपल्सचे लोक त्यांना आपल्या शहराचा राखणदार मानतात. आपण गावच्या दैवताला हाक मारतो, तसेच ते. नेपल्सजवळ व्हेसुव्हियस नावाचा ज्वालामुखी डोंगर आहे. तो १६३१ साली पेटला. तेव्हा लोकांनी संतांचे अवशेष घेऊन मिरवणूक काढली. संतांनीच शहर वाचवले, अशी त्यांची श्रद्धा आहे. १९ सप्टेंबर हा संतांचा दिवस.

जत्रा अमेरिकेत कशी गेली?

पोटासाठी गेली, दुसरं काय! दक्षिण इटलीत त्या काळी फार गरिबी. जमीन थोडी, जमीनदाराचा वाटा मोठा. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारे चाळीस लाख इटालियन माणसे बोटीत बसून अमेरिकेला गेली. पुष्कळ जण न्यूयॉर्कला उतरले. कोणी रस्ते खोदले, कोणी विटा वाहिल्या, बायांनी कपडे शिवले. एकेका खोलीत कितीतरी माणसे राहायची.

आपली माणसे मुंबईला गेली, की एका गावची मंडळी एकाच चाळीत जमतात. तसेच तिथे झाले. नेपल्सकडचे लोक मलबेरी गल्लीत जमले. सिसिली बेटावरचे लोक शेजारच्या एलिझाबेथ गल्लीत जमले. घर सुटले, शेत सुटले, पण संत काही सुटले नाहीत.

१९२६ साली, १९ सप्टेंबरला, मलबेरी गल्लीत पहिली जत्रा भरली. ती एकाच दिवसाची होती. गल्लीतल्या कॉफीच्या दुकानदारांनी रस्त्यावर एक लहानसे देऊळ उभारले व त्यात संतांची मूर्ती ठेवली. लोकांना बोलावले, "या, आमच्याकडचं खा-प्या." मूर्तीला फिती लावल्या होत्या. ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे त्या फितींना नोटा टोचायच्या. तो पैसा मग त्याच वस्तीतल्या गरिबांना वाटला जाई.

ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. खाणे संतांच्या नावाने, आणि पैसा गरिबाच्या घरात. जत्रेचे मूळ हे असे होते.

काय काय खायला मिळते?

आता जत्रा अकरा दिवस चालते. लाखो लोक येतात. दोन्ही बाजूंना गाळे लागतात आणि वरती दिव्यांच्या कमानी असतात.

सर्वांत मोठी गर्दी 'झेपोले'च्या कढईपाशी. सैलसर भिजवलेल्या पिठाचे गोळे तेलात सोडायचे. ते फुगून तांबूस झाले की काढायचे आणि वर पिठीसाखर भुरभुरायची. आपल्या गुलगुल्यांचा हा लांबचा भाऊच म्हणा.

'कानोली' नावाची दुसरी मिठाई आहे. पिठाची पातळ पोळी नळीवर गुंडाळून तळतात. मग त्या पोकळ नळीत गोड केलेले मऊ पनीर भरतात. कानोली खाण्याची शर्यतसुद्धा लागते. बदाम, मध आणि अंड्याचा पांढरा भाग यांची 'तोरोने' नावाची वडी असते. मांसाहारी लोकांसाठी लांबट पावात तिखट मांस, कांदा आणि ढोबळी मिरची भरून देतात. त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येतो.

१९ तारखेला चर्चमध्ये प्रार्थना होते. मग मूर्ती मिरवणुकीने गल्लीगल्लीतून फिरते. पुढे बॅंड वाजतो. लोक आजही मूर्तीच्या फितींना नोटा टोचतात.

पैशाला पाय फुटले

जत्रा मोठी झाली, तसा पैसाही मोठा झाला. गाळ्यांचे भाडे येऊ लागले. जिथे पैसा आहे आणि हिशेब नाही, तिथे उंदीर लागायचाच. संतांच्या नावाने जमलेला पैसा गुन्हेगारांच्या टोळीकडे जातो, असा आरोप सरकारी वकिलांनी केला. १९९५ साली शहराच्या महापौरांनी बजावले, "बाहेरचा तपासनीस नेमा, नाहीतर जत्रा बंद." पुढे १९९६ साली जुन्या मंडळींच्या हातून कारभार काढला आणि नव्या संस्थेकडे दिला. तिचे नाव 'फिल्यी दी सान जेन्नारो', म्हणजे 'सान जेन्नारोची लेकरे'. ही संस्था शाळांना व चांगल्या कामांना देणग्या देते.

आणखी एक नवल सांगतो. या वस्तीत १९५० साली इटलीत जन्मलेली २,१४९ माणसे राहत होती. २००० साली ती फक्त ४४ उरली. पुढे दहा वर्षांनी शिरगणतीवाल्यांना असे एकही माणूस तिथे सापडले नाही! मुले शिकली, पैसा आला, दुसरीकडे राहायला गेली. तरी सप्टेंबर आला, की ती लेकरा-नातवंडांसह मलबेरी गल्लीत येतात. २०२० साली करोनाच्या साथीमुळे जत्रा भरली नाही, पण पुढल्या वर्षी पुन्हा भरली. माणसे पांगली, तरी जत्रेने त्यांना बांधून ठेवले.

आपण काय घ्यावे?

मी मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. एका गावी उत्सवाचा भंडारा झाला. वर्गणी भरपूर जमली होती. खर्च किती, शिल्लक किती, कोणी विचारले की कारभारी चिडायचे. "देवाच्या पैशाचा हिशेब मागता?" असे म्हणायचे. पुढल्या वर्षी आम्ही चौघांनी आग्रह धरला आणि हिशेबाचा कागद चावडीच्या भिंतीवर लावायला लावला.

एक आजी आल्या. रात्रीच्या वर्गात नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या. बोट ठेवून ओळ न्‌ ओळ वाचली आणि आपल्या नावाशी थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, म्या एक्कावन दिलं. हितं अकरा लिवलंय." पावती काढून दाखवली. कारभाऱ्यांनी मुकाट्याने आकडा दुरुस्त केला. तो आकडा चुकून पडला की मुद्दाम, ते देवालाच ठाऊक. पण त्या दिवसापासून दर साली कागद लागू लागला, आणि वर्गणीही वाढली. कारण लोकांचा विश्वास बसला.

तेव्हा मंडळी, जत्रा जरूर करा. गुलगुले खा, पाहुण्यांना खाऊ घाला. पण देवाच्या नावाने दिलेल्या पैशाची पावती घ्या. हिशेबाचा कागद मागा, आणि तो स्वतः वाचा. त्यात देवाचा अपमान नाही. भुकेल्याचा घास भुकेल्याला पोचला की नाही, एवढेच आपण पाहतो. आता तुम्हांला अक्षर आले आहे. ते या कामी येऊ द्या.