लिनक्सवरील स्क्रीन रेकॉर्डिंग

लिनक्सवरील स्क्रीन रेकॉर्डिंग म्हणजे लिनक्स या मुक्तस्रोत संचालन प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावरील हालचाली चलचित्राच्या रूपात नोंदवणे होय. अशा चित्रफितीस स्क्रीनकास्ट असेही म्हणतात. यासाठी अनेक मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध असली, तरी प्रत्येक सॉफ्टवेअर प्रत्येक संगणकावर चालत नाही.

स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प

महाराष्ट्रातील या तंत्राचे ठळक उदाहरण म्हणजे आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र शासनाच्या अर्थसाहाय्याने तो उभा राहिला. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकवणारे, साधारण दहा मिनिटांचे पाठ त्यात तयार होतात. लिनक्सवरील चित्रणासाठी प्रकल्पात रेकॉर्डमायडेस्कटॉप हे सॉफ्टवेअर वापरले गेले.

या पाठांची संहिता आधी लिहिली जाते. मूळ चित्रण कायम ठेवून निवेदन मराठीसह इतर भारतीय भाषांत नव्याने ध्वनिमुद्रित केले जाते. पडद्यावरील मजकूर इंग्रजीच राहतो, कारण नोकरीच्या ठिकाणी विद्यार्थ्याला तोच दिसणार असतो. चित्र व ध्वनी वेगळे ठेवण्याच्या या पद्धतीत रेकॉर्डरच्या ध्वनिमुद्रणाची गुणवत्ता दुय्यम ठरते. आवाजासाठी ऑडॅसिटीसारखे स्वतंत्र सॉफ्टवेअर वापरता येते.

एक्स आणि वेलँड

निवडीतील खरी अडचण प्रदर्शन व्यवस्थेची आहे. १९८७ पासून प्रचलित असलेल्या एक्स११ मध्ये कोणताही प्रोग्रॅम संपूर्ण पडदा वाचू शकतो. रेकॉर्डरला ही मोकळीक सोयीची, मात्र हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रॅमलाही तितकीच सोयीची. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने ही वाट बंद केली. तेथे रेकॉर्डरला पडदा मागावा लागतो, वापरकर्ता संमती देतो आणि चित्र पाइपवायर या मध्यस्थामार्फत पुरवले जाते.

परिणामी, एक्सच्या काळातील सॉफ्टवेअर वेलँडवर बहुधा काळा पडदा नोंदवते किंवा सुरूच होत नाही. उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून (२०२१) बहुतेक संगणकांवर वेलँड मूलनिश्चित केले. जुन्या पुस्तिकेतील सूचना काटेकोर पाळूनही विद्यार्थ्याच्या हाती रिकामी चित्रफीत येते, ती यामुळे. काही आवृत्त्यांत लॉगइन करताना एक्स निवडण्याची सोय असते.

प्रमुख सॉफ्टवेअर

रेकॉर्डमायडेस्कटॉप ऑग थिओरा स्वरूपात चित्रफीत देते. ते हलके असले तरी एक्सपुरतेच मर्यादित असून आता नव्याने निवडण्याचे कारण उरलेले नाही. मार्टेन बार्ट यांचे सिंपलस्क्रीनरेकॉर्डर एक्सवर चालते. जुन्या संगणकांसाठी ते अद्याप उत्तम पर्याय आहे. ओबीएस स्टुडिओ सर्वांत समर्थ असून २७ व्या आवृत्तीपासून (२०२१) ते वेलँडवरही पडदा टिपते. कॅमेरा, अनेक ध्वनिस्रोत व थेट प्रक्षेपण या सोयी त्यात आहेत, मात्र नवख्याला त्यातील 'सीन' व 'सोर्स' या संकल्पना आधी समजून घ्याव्या लागतात. ग्नोम ४२ पासून (२०२२) प्रिंट स्क्रीन कळ दाबल्यावर उघडणाऱ्या पट्टीतच चित्रणाची सोय आहे. ती आवाज नोंदवत नाही, परंतु वर उल्लेखिलेल्या पद्धतीला ती पुरेशी आहे.

फाइलचे स्वरूप

एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा चित्रण थांबवल्यावर लिहिली जाते. तत्पूर्वी वीज गेल्यास संपूर्ण फाइल निरुपयोगी होऊ शकते. एमकेव्ही स्वरूपात तोपर्यंतचा भाग वाचतो. परभणीसारख्या जिल्ह्यात, भारनियमन गृहीत धरून काम करणाऱ्या महाविद्यालयात, हा फरक चित्राच्या स्पष्टतेपेक्षा महत्त्वाचा ठरू शकतो. ओबीएसमधील 'रीमक्स' आज्ञेने एमकेव्ही फाइल नंतर दर्जा न घटवता एमपी४ मध्ये बदलता येते. मजकूर प्रधान असलेल्या पाठाला सेकंदाला १५ चित्रचौकटीही पुरतात; त्यामुळे जुन्या प्रोसेसरवरील भार कमी होतो.