पवई तलावाकाठी छोटा कॅमेरा

फोटो आणि व्हिडिओ दोन्हींसाठी एकच कॅमेरा हवा, तर 2021 मध्ये आलेल्या सोनी झेडव्ही-ई10चे नाव निघतेच. बॅटरी-कार्डासह वजन 343 ग्रॅम, एपीएस-सी सेन्सर, 24 मेगापिक्सेल, लेन्स बदलण्याची सोय. माइकवर बसवायचे केसाळ टोपरे खोक्यातच मिळते. तलावावरच्या वाऱ्यात त्याचे मोल कळते. काठावर बसून मुलाखत घ्यायला माझ्या मते हा पुरेसा आहे.

अडचण उन्हात येते. व्ह्यूफाइंडर नाही. भर दुपारी पाणी चकाकत असताना स्क्रीनवर दिसते ती तलावातली मगर की ओंडका, ओळखणे कठीण! शिवाय सोबतच्या 16-50 मिमी लेन्समधून ती ठिपक्याएवढीच येणार. टेलिफोटो लावली, तर छोट्या कॅमेऱ्याचे छोटेपण संपले.

बॉडीत सेन्सर सावरणारी यंत्रणाही नाही. ‘ॲक्टिव्ह’ मोड चित्राच्या कडा छाटून थरथर कमी करतो, त्यामुळे हात लांब करून स्वतःला टिपताना चेहराच सगळी जागा खातो. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. म्हणून कॅमेरा झपकन फिरवला, की तलावाजवळच्या हिरानंदानी वसाहतीचे सरळसोट मनोरे तिरके झुकलेले दिसतात.